कोमट पाण्याचा देव

खण्णकन ताम्हणात देवाचा टाक पडला, आणि माजघरात इतका वेळ अवघडून बसलेली शांतता फुटली.

काळुरामने तो मुद्दाम टाकला नव्हता. बोटांतून निसटला होता. घरातल्या थोरल्याच्या हातून देव निसटावा, तोही बयच्या वर्षाच्या कार्याला, हे कोणालाच सोसण्यासारखं नव्हतं. खांबाआड बसून बाळाला पाजणाऱ्या तुळसाने दचकून पदर सावरला. बाळानेही क्षणभर तोंड सोडलं, आवाजाच्या दिशेने पाहिलं, आणि पुन्हा आपल्या कामाला लागलं.

खरं तर सकाळपासून सगळं कसं रीतसर चाललं होतं. हौसाबाईला, म्हणजे सगळ्या घराच्या बयला, जाऊन वर्ष झालं होतं. कल्याणच्या सोनाराकडून तिचा चांदीचा टाक घडवून आणला होता. अंगठ्याएवढ्या पत्र्यावर नाकात नथ, कपाळावर आडवं कुंकू, आणि पदर डोक्यावरून पुढे ओढलेला. सोनाराने बयला कधी पाहिलं नव्हतं, तरी हनुवटीचा तो हट्टीपणा कुठून उतरला कोण जाणे. खाडीकाठच्या कोपरी गावातल्या या घराची रीत अशी, की नवं माणूस देव्हाऱ्यात बसवायचं तर आधी त्याची जुन्यांशी ओळख करून द्यायची. थोरल्याने एकेक टाक उचलायचा, नाव घ्यायचं, नव्या टाकाला टेकवायचा आणि बाजूच्या पाटावर ठेवायचा. पाहुण्या बाईला घरातली माणसं दाखवतात, अगदी तसं.

काळुराम त्याप्रमाणे नावं घेत गेला. ही एकवीरा आई. ह्यो खंडोबा. ह्यो पनजा धाकू. ही पनजी बायजा, जिच्या नावावरनं आत्याचा नाव ठेवला. आणि मग तो शेवटचा टाक आला, गुळगुळीत, चेहरा नसलेला. घासून घासून त्याचं नाक गेलं होतं, डोळे गेले होते. बाई की बुवा तेही कळत नव्हतं.

"ह्यो चुलता परशुराम," काळुराम म्हणाला, "जो खाडीत गेला."

"काय बोलतंस दादा?" गोदा पुढे सरकली. ती बयची लेक, दिवा गावात दिलेली, कालच आली होती. "ही तर बयची आय. माजी आजी."

"तुमा दोघांना काय झालाय?" गोविंदा, धाकटा भाऊ, तुळसाचा नवरा, दारातून हसत म्हणाला. "तो माजा थोरला भाव हाय. माज्या आधीचा. पालन्यात गेला तो."

तिघे एकमेकांकडे पाहत राहिले.  आणि मग तो टाक पडला.

"कोनी सांगला तुला?" काळुरामने गोविंदाला विचारलं.

"बयनी."

"आनि तुला?"

"बयनीच की!" गोदा म्हणाली. "मना दिव्याला लावून देत होते तवा. होडीत चढायला मी तयार नव्हती. बयनी ह्यो टाक आनून माज्या कपालाला लावला. बोलली, ही माजी आय, ती पन रडत रडत खाडी उतरून सासरी गेलेली, आनि दर शिमग्याला हसत परत यायची. मी तेच्यावर गेली सासरी!"

"मना तापात उशाशी ठेवायची," गोविंदा म्हणाला. "बोलायची, तुजा भाव तुजा अर्धा ताप घेतंय. सकाली खरंच उतरलेला असायचा."

काळुरामने पडलेला टाक ताम्हणातून उचलला. घरात सगळ्यांना ठाऊक होतं, की लहानपणी तो उघाडीजवळ जायला घाबरायचा. खाडीचं पाणी मिठागरात घ्यायच्या त्या फळ्यांच्या दारापाशी पाणी घोंघावतं, तिथे त्याचे पाय लटपटत. बय त्याला म्हणाली असणार, तुझा चुलता खाली उभा राहून पाणी धरून ठेवतो. आणि हा आज एवढा थोरला बाप्या, आगगाडीच्या कामावर मजूर पुरवणारा, त्या चुलत्याच्या भरवशावर उघाड्या उघडत आला होता.

"मंग ह्यो हाय कोन?" गोदाने सगळ्यांच्या मनातलं विचारलं.

काळुरामचा चेहरा काळवंडला. तुळसाला ते खांबाआडूनही दिसलं, आणि कशाने ते तिला लगेच कळलं. श्रावणातल्या उधाणाला आगराचा बांध फुटला होता. सगळी खाचरं चिखलाने भरली, आणि येत्या हंगामात मीठ पिकेल की नाही याचाच घोर लागला होता. तेव्हा काळुराम भगताकडे गेला होता. भगताने तांदूळ टाकले आणि सांगितलं, तुमच्या देव्हाऱ्यात परक्याचा देव बसलाय, तो तुमच्या पितरांना बसू देत नाय. काळुरामने घरी येऊन सगळे टाक पाहिले होते. परका कोणी दिसला नव्हता. प्रत्येकाला प्रत्येक टाक आपला वाटत होता.

"आज बयला बसवायची हाय," तो सावकाश म्हणाला. "आनि तिच्या शेजारी कोन हाय ते मना ठावं नाय. असा नाय चालनार. बायजाआत्या येतंय पानी चढल्यावर. तिला इचारू. तिनी घरातला नाव घेतला तर ठीक. नाय घेतला तर ओहोटी लागली का ह्येला खाडीला देयाचा."

 तुळसा खांबाआडून जरा पुढे सरकली. पण थोरल्या दिरासमोर धाकट्या सुनेने तोंड उघडायची या घरात पद्धत नव्हती. आणि उघडून सांगणार काय? तिला नाव कुठे माहीत होतं? तिला एवढंच माहीत होतं, की त्या टाकाला कोमट पाण्याने अंघोळ घालायची.

* * *

चुलीपाशी काळुरामची बायको सखुबाई नारळ खवत होती. खवणीवर जरा जास्तच जोर होता.

"कोनी मना इचारला नाय," ती तुळसा आत येताच म्हणाली. "मी थोरली सून. एवढी वरसं सनासुदीला त्यांना मीठ-चिंच लावून घासला कोनी? मीच ना? गोदा काय बोलली आयकलास? बोलली, वयनी, तूच घासून त्येचा थोबाड पुसलास!"

"बय पन घासायची," तुळसा हळूच म्हणाली.

"बय तर लय घासायची. मूठभर मीठ घेतल्याबिगर तिला देव सवच्छ झाल्यासारका वाटायचाच नाय." सखुबाईला एकदम हसू आलं. "सांगितलेला ना तुला? तू नव्हतीस तवा. आमी सगले आगगाडी बगाला गेल्तो ठान्याला. ते इंजन अशी किंकाळी फोडला का आमी बाया पलालो. बय नाय पलाली. कमरेची पुरचुंडी सोडली, मीठ काढला नि इंजनावरनं ओवालून टाकला! बोलली, बिचाऱ्याला कोनाची तरी नजर लागलीय, पोर असा उगाच रडत नाय."

तुळसाने ही गोष्ट पुष्कळदा ऐकली होती. तरी ती दर वेळी हसायची. बय अशीच होती. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून देव, मग तुळस, मग हातात काठी घेऊन सगळा बांध पालथा घालायची. चिंबोरीचं, म्हणजे खेकड्याचं, बीळ दिसलं की चिखलाचा गोळा आणि वरून टाच. बांधावर पाय आपटत, तोंडाने एकवीरेची गाणी. घरी येऊन भाकऱ्या. महाशिवरात्रीला अंबरनाथला पायी, आणि येताना वाटेतल्या कोणाच्या तरी बाळंतिणीला भेटून. कधी बसलेली कोणी पाहिली नाही. बसली ती थेट शेवटच्या आजारात. तेव्हा तुळसा पाचव्या महिन्याची होती. देवपूजा तुळसाकडे आली ती तेव्हा.

"तुला दिली पूजा," सखुबाई जणू तिच्या मनातलं वाचून म्हणाली. "मना नाय दिली. मी काय राग धरला नाय. पन इचारतंय. कशामुलं?"

 कदाचित काही कारण नसेलच. कदाचित एवढंच, की त्या दिवसांत तुळसा बयच्या अंथरुणाजवळ बसायची, कारण तिलाही उठवत नव्हतं.

"वयनी, मना एकच गोष्ट येगली सांगितली बयनी," ती म्हणाली. "बाकीच्यांना गार पान्याची अंघोल. आनि त्या एकाला कोमट. मी इचारला, ह्येलाच कशाला? तर बोलली, गारठलाय तो."

खवणी थांबली.

"गारठलाय?"

"हां."

"चांदी कशी गारठंल गो?"

"मी पन तेच बोलली. तर हसली नि पाठ फिरवली."

सखुबाईने हातातली वाटी खाली ठेवली. तिच्या डोळ्यांत रागाच्या जागी आता निव्वळ चौकसपणा आला होता. दोघी जावा कधी नव्हे त्या एकमेकींच्या जवळ सरकून बसल्या, आणि चुलीतलं लाकूड पुढे सारायचं दोघींचंही राहून गेलं.

"चुलता परशुराम खाडीत गेला, म्हून गारठला?" सखुबाई पुटपुटली. "मंग गोदाची आजी काय? ती तर घरात मेली."

"आनि पालन्यातला पोर?"

"पोराला कोमट पानी लागतं खरं." सखुबाईने मान हलवली. "काय बाई होती! तिघांना तीन सांगला. आनि आपल्याला नुसता कामाला लावला."

बाहेरून ओरडा आला. होडी लागली होती.

* * *

बायजाआत्याला गोविंदाने चिखलातून खांद्यावर घेऊन आणलं. ती बयची नणंद. दोघी एकाच वयाच्या, एकाच आगरात राबलेल्या. आता तिला दिसायचं कमी, पण जीभ शाबूत होती.

"हलू रं, मुडद्या! पाडशील!"

"आत्ये, पान्यात पडलीस तर भिजशील, दुसरा काय?"

"भिजू दे. मी काय मीठ हाय इरघलाला?"

माजघरात तिला पाटावर बसवलं. गुळाचं पाणी दिलं. तिने आधी बयचा नवा टाक हातात घेतला आणि त्यावरून सावकाश अंगठा फिरवला. "नाक मोठा केलाय," एवढंच म्हणाली. डोळे पुसले.

मग काळुरामने तो दुसरा टाक तिच्या तळव्यावर ठेवला. "आत्ये, ह्यो कोन?"

सगळे पुढे झुकले. तुळसाची लेक ठकी तर आत्याच्या मांडीवरच ओणवी झाली. आत्याने अंगठा फिरवला. एका कडेला टाकाला खाच होती, तिथे तो थांबला. आणि म्हातारी खुदकन हसली.

"अगो बया! ह्यो अजून हाय?"

"कोन हाय पन?"

"मना काय ठावं! ह्येला तर आमी चिखलातनं काढला." तिने टाक ठकीला दाखवला. "बग, ही खाच. माज्या फावड्याची. हौसा तवा नवी सून. पावसाला सरल्यावर उघाडीतला गाल-चिखल काढत होतो आमी दोघी. माजा फावडा खणकन वाजला. बगतंय तर ह्यो. वांग्यासारका काला! खाडीतनं कुठनं वाहत आला, कोनी सोडला, का कोनाची होडी बुडली, देवाला ठावं."

"म्हंजे आपला नाय?" काळुरामचा आवाज चिरकला.

"आपला कुठला? हौसानी पदरात गुंडालला. गार झालाय बोलली, किती दिस पान्यात होता कोनाला ठावं. काठावरच्या समद्या गावांत इचारून आली. कलव्याला, दिव्याला, डोंबिवलीला. बाजाराच्या वाटेवर, लग्नात, जिथं जाईल तिथं. कोनी बोलला नाय का आमचा हाय. सासू बोलली, परत खाडीत टाकून दे. हौसा हां बोलली, आनि तांदलाच्या मडक्यात लपवला! सासू गेल्यावर देव्हाऱ्यात आनला."

तुळसाने खांबाआडून सखुबाईकडे पाहिलं. सखुबाई तिच्याकडेच पाहत होती.

"तवा चेहरा होता तेला, आत्ये?" गोदाने आत्याचा हात धरला. "बाई होती का बुवा?"

"होता ना चेहरा. बाई होती." आत्या थांबली. "का पागोटा होता? नाय गो, इसरली. हौसाला मी बोललेली, कोन म्हून पुजतंस? तर बोलली, कोनाचा तरी कोनतरी हाय."

  आत्याने नाव दिलं असतं तर टाक वाचला असता. तिने खरं सांगितलं, आणि खरं ते भगताच्या बोलण्याला जाऊन चिकटलं.

"भगत बरोबर बोलला," काळुराम म्हणाला. "परक्याचा हाय." आणि त्याने हात पुढे केला. "दे आत्ये. ओहोटी लागंल आता."

"भगत काय बोलला?" आत्याने विचारलं.

सांगितलं. बायजाआत्याने टाक दिला नाही. मूठ मिटून घेतली.

"बांध देवानी फोडला?" ती म्हणाली. "काल्या, तुज्या बांधाला चिंबोऱ्यांनी भोका पाडली. बय होती तवर रोज सकाली बुजवायची. ती गेल्यावर कोन फिरला बांधावर? तू कल्यानला, गोविंदा बाजारात. ह्यो मडक्यातला बिचारा कुठं फिरनार? तेला पाय हायत?"

गोविंदाने मान खाली घातली.  काळुरामने मात्र पुढे केलेला हात मागे घेतला नाही. तुळसाला त्याची कीव आली. तो दुष्ट नव्हता. तो घाबरला होता. लहानपणी उघाडीपाशी ज्याने त्याला उभं केलं तो चुलता आज एकाएकी खोटा ठरला होता, आणि त्याच्या पायाखाली पुन्हा ते घोंघावणारं पाणी होतं.

तिने बाळाला खांद्यावर टाकलं आणि ती खांबाआडून बाहेर आली. डोक्यावरचा पदर पुढे ओढला. भासऱ्याकडे, थोरल्या दिराकडे, न बघता ती लेकीला म्हणाली, "ठके, काकांना सांग. बय ह्या एकाला कोमट पान्याची अंघोल घालायची."

ठकी वळून मोठ्याने म्हणाली, "काका, आय बोलतंय—"

"आयकला मी," काळुराम म्हणाला.

"काकांना सांग, शेवटच्या दिसांत बयचा हात चालत नव्हता. तरी पानी किती ऊन हाय ते बोट घालून बगायची. स्वताच्या पेजेचा कवा बगितला नाय. आनि काकांना इचार..." तिने एकदा देव्हाऱ्याकडे पाहिलं. "इचार, खाडीतनं बयनी काढलेला खाडीतच टाकला, तर आज बयला देव्हाऱ्यात बसवून तिला काय सांगायचा?"

ठकीला एवढं लांबलचक पेलेना. ती तोंड उघडं ठेवून काकाकडे पाहत राहिली. निरोप न सांगताच पोहोचला होता.

अनपेक्षित आवाज आला तो चुलीकडून. सखुबाई खोबऱ्याचे हात तसेच घेऊन दारात उभी होती.

"अवो," ती नवऱ्याला म्हणाली, "परका-परका करताव. मी काय ह्या घरात जन्मली? मी परकीच आली. ही तुळसा परकीच आली. बय पन होडीतनंच आलेली. मना कवा सोडताव खाडीत, ते एकदा सांगा, म्हंजे मी नारल खवायचा थांबवतंय."

गोविंदा फिस्सकन हसला. गोदाने तोंडाला पदर लावला. आत्या तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. काळुरामने हसायचं टाळलं, पण त्याचा पुढे आलेला हात हळूहळू खाली गेला. त्याने बयच्या नव्या टाकाकडे पाहिलं. ती हट्टी हनुवटी त्याच्याकडे पाहत होती.

"पन नाव तर घ्यावा लागंल," तो शेवटी पुटपुटला. "रीत हाय. नाव काय घेऊ?"

आत्याने मूठ उघडली आणि टाक त्याच्या हातात दिला. "हौसानी ठेवलेला नाव घे."

काळुरामने दोन्ही टाक ओंजळीत घेतले. गुळगुळीत टाक बयच्या टाकाला टेकवला. "ह्यो," तो म्हणाला, "ह्यो कोनाचा तरी कोनतरी. बय, तू ओलखतंस ह्येला." मग आत्याकडे न बघता म्हणाला, "गोविंदा, उद्या सकाली बांधावर जायाचा हाय. दोघांनी."

* * *

दिवेलागणीला अंघोळीचं ताम्हण तुळसासमोर आलं. गार पाण्याच्या तांब्याशेजारी एक छोटी लोटी होती, वाफ निघत असलेली. सखुबाईने ती ठेवली, जायला वळली, परत आली.

"बोट घालून बगलाय मी," ती म्हणाली. "ऊन नाय. कोमट हाय."

"वयनी," तुळसा म्हणाली, "उद्यापास्नं तुमी घाला त्येला."

  सखुबाई जाता जाता उंबऱ्यावर टेकून बसली.

तुळसाने चेहरा नसलेला टाक तळव्यावर घेतला आणि लोटी कलती केली. पाणी त्या गुळगुळीत चांदीवरून अलगद ओघळलं. मग तिने बयचा टाक घेतला. नवी कोरी नथ, कपाळावरची आडवी रेघ, हनुवटी. अजून एकही रेघ झिजली नव्हती. तिने सवयीने चिंच उचलली, चिमूटभर मीठ घेतलं आणि घासायला सुरुवात केली.

गुडघ्याला खेटून बसलेल्या ठकीने एकदा या टाकाकडे पाहिलं, एकदा त्या टाकाकडे. मग तिने आईचं मनगट धरलं.

"आये, रोज घासलास तर बय पन अशीच पुसली जाईल ना गो? आनि नाय घासला तर काली पडंल. मंग आपन काय करायचा?"